राखणीच्या कुत्र्याचा आहार : पचन आणि त्वचेचे आरोग्य

कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यात शहर झपाट्याने वाढले. तरीही बारवी धरणाच्या बाजूची आणि उल्हास नदीकाठची गावे अजून भातशेती, भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या व दुभत्या जनावरांचा व्यवसाय सांभाळून आहेत. अशा बहुतेक घरी एखाददुसरा कुत्रा असतोच. वाडीत शिरणारी रानडुकरे व वानरे हुसकावणे, रात्री गोठ्याची आणि खुराड्याची राखण करणे ही कामे तो वर्षभर करतो. गाईच्या खुराकाचा आणि कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब आपण ठेवतो. कुत्र्याच्या ताटाचा हिशेब मात्र सहसा कोणी ठेवत नाही. उरलेला भात, डाळीचे पाणी, शिळी भाकरी आणि कधीमधी मासळीचे काटे, एवढ्यावरच त्याची गुजराण होते.

पावसाळा लागला की याच कुत्र्याचे केस झडू लागतात, अंगावर कोंडा धरतो, कातडी लाल होते आणि वरचेवर हगवण लागते. मग 'खरूज लागली' असे म्हणून कोणी जळके ऑइल फासतो, तर कोणी फवारणीचे कीटकनाशक अंगाला चोळतो. यात काही कुत्री दगावतात, काही घराबाहेर काढली जातात. खरूज हे त्वचारोगाचे एक कारण आहे, परंतु एकमेव नाही. कित्येकदा बिघाडाचे मूळ ताटात असते. खरूज असली तरी ज्याचे पोषण चांगले आहे असा कुत्रा उपचाराने लवकर सावरतो. म्हणून पचन आणि त्वचा या दोहोंसाठी कुत्र्याचा आहार कसा असावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

कुत्र्याची पचनसंस्था

कुत्रा मूळचा मांसाहारी कुळातला असला तरी माणसाबरोबर हजारो वर्षे राहून तो मिश्रहारी झाला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. पिष्टमय पदार्थ पचविणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त आढळल्या. म्हणजेच भात, भाकरी पचविण्याची क्षमता कुत्र्यात आहे. मात्र कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसते. त्यामुळे पिष्ट पदार्थांचे पचन लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होते. शिवाय कुत्रा चावून खात नाही, गिळतो. यासाठी धान्य पूर्ण मऊ शिजलेले असावे. अर्धे कच्चे धान्य न पचता मोठ्या आतड्यात जाते, तेथे आंबते आणि पोटफुगी व पातळ विष्ठा होते.

मांस, अंडी व मासळीतील प्रथिने आणि मध्यम प्रमाणातील स्निग्ध पदार्थ कुत्र्याला उत्तम पचतात. दुधातील साखर मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा पचत नाही, म्हणून भरपूर दूध पाजल्यास हगवण लागते. दही किंवा ताक थोड्या प्रमाणात चालते.

भाताने पोट भरते, कातडी भरत नाही

आपल्याकडील गावठी कुत्र्याचे वजन साधारण १५ ते २० किलो असते. १८ किलो वजनाच्या, हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १,००० ते १,१०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ३०० ग्रॅम तांदूळ शिजवून घातला की एवढी ऊर्जा मिळते. म्हणून नुसत्या भातावरचा कुत्रा उपाशी दिसत नाही. परंतु ३०० ग्रॅम तांदळात प्रथिने असतात फक्त २० ते २२ ग्रॅम, म्हणजे कोरड्या खाद्याच्या सुमारे ८ टक्के. मोठ्या कुत्र्याच्या आहारात कोरड्या वजनावर किमान १८ टक्के प्रथिने असावीत, तर वाढत्या पिल्लांना व गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला किमान २२.५ टक्के लागतात, असे पोषणाचे मानक आहे. याचा अर्थ नुसत्या भातावर त्याची निम्मी गरजही भागत नाही.

केस हे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असतात. कुत्र्याला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिने केस व त्वचा यांच्या झीज-भरीसाठी खर्च होतात. प्रथिने कमी पडली की शरीर आधी हृदय, यकृत आणि रक्त यांची गरज भागवते आणि त्वचेच्या वाट्याला काही उरत नाही. केस निस्तेज व ठिसूळ होतात, झडलेल्या जागी नवे येत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो. तांदूळ हा कुत्र्याचा शत्रू नव्हे. मऊ भात हे त्याला पचायला अगदी सोपे अन्न आहे. चूक होते ती भात एकटाच घालण्यात.

भातावरील खैरा आणि कुत्र्याची कातडी

पिकाची वाढ ज्या अन्नद्रव्याची सर्वांत जास्त कमतरता असेल त्यावर अवलंबून असते, हा लीबिग यांचा नियम शेतकऱ्यांना माहीत आहे. नत्र, स्फुरद, पालाश भरपूर देऊनही जस्त कमी पडले तर भाताच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके पडतात व रोपे खुजी राहतात. हा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे १९६६ मध्ये पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिले. त्याआधी तो रोग बुरशीचा किंवा विषाणूचा असावा असा समज होता.

कुत्र्याच्या कातडीचेही असेच आहे. जस्त कमी पडल्यास डोळ्यांभोवती, तोंडाच्या कडेला, कानांवर, कोपरांवर आणि पायांच्या गाद्यांवर जाड खपल्या धरतात. कातडी राठ होते, गाद्यांना भेगा पडतात. धान्यात जस्त थोडेफार असते, पण त्यातील फायटेट नावाचा घटक ते बांधून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. कोंडा आणि डाळींत फायटेट अधिक असते. आहारात कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त झाले तर जस्ताचे शोषण आणखी घटते. त्यामुळे केवळ कोंडा, भाकरी व वरून कॅल्शियमची पावडर असा आहार असलेल्या पिल्लांत हा विकार दिसून येतो. मांस, कलेजी व अंडी यांतील जस्त चांगले शोषले जाते.

येथे एक धोक्याची सूचना महत्त्वाची आहे. शेतात वापरायचे झिंक सल्फेट कुत्र्याला कदापि देऊ नये. खताच्या प्रतीत शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू असू शकतात आणि जस्ताचा जादा डोसही विषबाधा करतो. गाई-म्हशींचे क्षार मिश्रणही देऊ नये. त्यातील प्रमाण रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी ठरविलेले असते. जस्ताची पूरक गोळी द्यायची झाल्यास ती पशुवैद्यकाने सांगितलेलीच द्यावी.

तेल कोणते आणि किती

त्वचेचा ओलावा टिकविण्यासाठी लिनोलेइक आम्ल या स्निग्धाम्लाची गरज असते. ते कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाही, खाद्यातूनच मिळावे लागते. ते कमी पडल्यास अंगावर कोंडा येतो, केसांची चमक जाते आणि कातडी जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन तेलात हे आम्ल भरपूर असते, तर शेंगदाणा तेलात मध्यम असते. खोबरेल तेलात ते अत्यल्प असते. कोकणात खोबरेल घरोघरी असले तरी या कामासाठी त्याचा उपयोग नाही.

तारली, बांगडा यांसारख्या तेलकट मासळीतून ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले मिळतात. ती कातडीचा दाह व खाज कमी होण्यास मदत करतात. जवसातही ओमेगा-३ असते, परंतु कुत्र्याच्या शरीरात त्याचे उपयुक्त रूपांतर कमी प्रमाणात होते. म्हणून मासळी अधिक उपयोगी पडते.

तेल वाढविताना घाई करू नये. प्रथम पाव चमचा घालावे आणि दोन आठवड्यांत हळूहळू दोन लहान चमच्यांपर्यंत न्यावे. एकदम जादा तेल, मटणाची चरबी किंवा लग्नकार्यातील तेलकट उष्टे घातल्यास स्वादुपिंडाचा गंभीर दाह होऊ शकतो. त्यात कुत्रा वारंवार ओकतो, पोट दुखून पाठ वाकवतो. असे झाल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

रोजचे ताट

१८ किलो वजनाच्या मोठ्या, निरोगी कुत्र्यासाठी दिवसभराचे खाद्य पुढीलप्रमाणे करता येईल. सर्व वजने शिजवण्यापूर्वीची आहेत.

१) तांदूळ किंवा स्वच्छ, कोरडी कणी : १५० ग्रॅम
२) हाडे काढलेले कोंबडीचे मांस, कलेजी-पेटा किंवा मासळी : २०० ग्रॅम
३) मूग किंवा मसूर डाळ : ३० ग्रॅम
४) अंडे, उकडलेले : १
५) लाल भोपळा, दुधी किंवा गाजर : ७५ ग्रॅम
६) करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल : २ लहान चमचे
७) अंड्याच्या कवचाची बारीक पूड : अर्धा लहान चमचा, सपाट

यातून सुमारे १,०५० किलोकॅलरी आणि ६० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. नुसत्या भाताच्या तुलनेत प्रथिने जवळजवळ तिप्पट होतात. १० किलोच्या कुत्र्याला यातील दोन-तृतीयांश, तर २५ किलोच्या कुत्र्याला सव्वापट प्रमाण घ्यावे. बरगड्या डोळ्यांना उठून दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात, ही योग्य खाद्याची खूण आहे. त्याप्रमाणे प्रमाण कमी-जास्त करावे.

तांदूळ, डाळ व भाजी एकत्र मऊ शिजवावी. मीठ, मिरची, कांदा, लसूण घालू नये. मांस व मासळी शिजवूनच द्यावी. तारलीसारखी लहान मासळी कुकरमध्ये जास्त वेळ शिजवल्यास काटे मऊ होतात. सुकट किंवा सुके बोंबील द्यायचे असल्यास रात्रभर भिजवून खारट पाणी टाकून द्यावे आणि मग उकडावेत. वालधुनीसारख्या कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या प्रवाहातील मासळी कुत्र्यालाही घालू नये.

कलेजी रोज भरपूर देऊ नये. तिच्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठून अपाय होतो. आठवड्यातून दोनदा २५ ते ३० ग्रॅम पुरेशी होते. बाकी दिवशी मांस किंवा मासळी घ्यावी. अंडे उकडूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातील अॅव्हिडिन हा घटक बायोटिन या त्वचेसाठी आवश्यक जीवनसत्त्वाला बांधून ठेवतो. कवचाची पूड करण्यासाठी कवच उकळून, उन्हात वाळवून, मिक्सरमध्ये अगदी बारीक करावे. अर्ध्या चमच्यातून सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम मिळते. त्यापेक्षा जास्त घालू नये.

या ताटातही जस्त आणि काही जीवनसत्त्वे थोडी कमीच पडतात. म्हणून कुत्र्यासाठीचे क्षार-जीवनसत्त्व मिश्रण डॉक्टरांना विचारून जोडावे. दररोज एवढे मांस परवडत नसेल तर निदान भाताचे प्रमाण निम्मे करून रोज दोन अंडी, डाळ व तेल जोडावे. चिकनच्या दुकानातून माना आणि पेटा स्वस्तात मिळतात, त्यांचाही उपयोग करावा. मानेची हाडे शिजवल्यावर काढून टाकावीत.

माळकरी घरासाठी

अनेक वारकरी कुटुंबांत घरात मांस-अंडी येत नाहीत. तेथे कुत्र्यालाही चांगले वाढविता येते, मात्र काळजी जास्त घ्यावी लागते. १५० ग्रॅम तांदूळ, रात्रभर भिजवून पूर्ण मऊ शिजवलेले ६० ग्रॅम सोयाबीन, ५० ग्रॅम मूगडाळ, १०० ग्रॅम दही, भोपळा आणि एक-दोन चमचे तेल असे ताट करावे. यातून जवळपास तेवढीच ऊर्जा आणि ४५ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो, तो नीट शिजवल्याने निष्प्रभ होतो. डाळी व सोयाबीनमध्ये फायटेट जास्त असल्याने येथे जस्ताची पूर्तता डॉक्टरांच्या सल्ल्याने करणे आवश्यक ठरते. गाभण कुत्री आणि लहान पिल्ले यांना केवळ अशा आहारावर ठेवू नये.

खाद्य बदलण्याची पद्धत

जुने खाद्य बंद करून नवे एकदम सुरू केल्यास हगवण लागते. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवे, नंतर निम्मे, मग पाऊण अशा रीतीने ७ ते १० दिवसांत बदल करावा. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी खाद्य द्यावे. पिल्लांना तीन महिन्यांपर्यंत चार वेळा व सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा द्यावे. पिण्याचे स्वच्छ पाणी सतत समोर असावे.

विष्ठा हा पचनाचा आरसा आहे. ती बांधलेली, ओलसर आणि उचलता येण्याजोगी असावी. खडबडीत व पांढरट असल्यास हाडे किंवा कॅल्शियम जास्त होत आहे. पातळ, आंबट वासाची असल्यास धान्य कच्चे राहते किंवा खाद्य जास्त होते. चिकट, तेलकट असल्यास स्निग्ध पदार्थ पचत नाहीत असे समजावे.

साधी हगवण लागलेल्या परंतु चपळ असलेल्या मोठ्या कुत्र्याला १२ तास खाद्य देऊ नये, पाणी मात्र थोडे थोडे पाजावे. नंतर दोन-तीन दिवस अति मऊ भात व उकडलेले चरबीविरहित चिकन थोड्या थोड्या प्रमाणात द्यावे. सोबत शिजवलेल्या लाल भोपळ्याचे एक-दोन चमचे दिल्यास विष्ठा बांधली जाण्यास मदत होते. पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नये. पिल्लू ओकत असेल, रक्ताची हगवण असेल व मलूल झाले असेल तर तो पार्व्हो विषाणूचा आजार असू शकतो. यात एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. या आजाराची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी.

पुराच्या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसर बुडाला होता. त्या पावसानंतर मुंबई व आसपास लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. हा आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून माणसाला आणि कुत्र्यालाही होतो. चिखलात वावरणारा कुत्रा खाणे सोडून ओकू लागला व त्याचे डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या तर ते अपचन समजून घरी थांबू नये. खाद्याचे भांडे रात्री उघड्यावर ठेवू नये, त्याने उंदीर येतात.

जंत : ताटातले भागीदार

चांगले खाद्य घालूनही कुत्रा सुधारत नसेल तर प्रथम जंतांचा विचार करावा. गोलकृमी व अंकुशकृमी पिल्लाला आईकडूनच मिळतात. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी वजनानुसार जंतनाशक द्यावे. हे जंत मुलांनाही बाधतात. अंगणातील विष्ठा रोज उचलून पुरावी.

जत्रेत किंवा घरी बकरे कापल्यावर कच्ची फुफ्फुसे, यकृत, आतडी कुत्र्याला टाकण्याची पद्धत आहे. ती बंद करावी. त्यातून कुत्र्याला एक लहान पट्टकृमी लागतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. असे अवयव चांगले उकडून घालावेत. गाठी दिसल्यास ते भाग खोल पुरावेत.

बुरशी लागलेले धान्य

आपल्या भागात जून ते सप्टेंबरमध्ये अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. या दमटपणात कणी, मका, शेंगदाणा पेंड व शिळी भाकरी यांना लवकर बुरशी लागते. 'आपल्याला नको, कुत्र्याला घाला' हा विचार येथे घातक ठरतो. अस्परजिलस बुरशीपासून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन विषाला कुत्रा फार लवकर बळी पडतो आणि हे विष शिजवल्याने जात नाही.

१९७४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशीचा मका खाल्ल्याने काविळीची मोठी साथ आली. त्यात शंभरावर माणसे दगावली आणि त्या घरांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाल्याची नोंद झाली. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत मक्याच्या तयार खाद्यात हेच विष आढळून अनेक कुत्री मेली. तेव्हा कुत्र्याची कणी घरच्या तांदळाप्रमाणेच सुकवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. कुबट वास, हिरवट-काळी बुरशी किंवा गाठी दिसल्यास ती कोणत्याच जनावराला घालू नये.

कुत्र्याला काय देऊ नये

- कांदा व लसूण : यांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग होतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने दोष जात नाही. रोजच्या रश्शातील थोडा थोडा कांदाही साचून बाधतो.
- द्राक्षे, मनुका, बेदाणे : मूत्रपिंड निकामी होऊ शकते.
- चॉकलेट, चहा-कॉफीची भुकटी.
- शिजवलेली हाडे : यांचे अणकुचीदार तुकडे होऊन आतडे फाटते.
- आंब्याची कोय : आतड्यात अडकते. आंब्याच्या दिवसांत उकिरडा झाकून ठेवावा.
- उंदरांसाठी टाकलेली विषारी आमिषे व ती खाऊन मेलेले उंदीर : आमिषे टाकलेल्या दिवशी कुत्रा बांधून ठेवावा.

ताट की परोपजीवी : आधी ओळखा

कोणताही उपाय करण्यापूर्वी कारण ओळखावे.

१) खरूज : खाज अतोनात, रात्री झोप लागत नाही. कानांच्या कडा, कोपरे व मागच्या पायांचे सांधे यांवर जास्त. घरातील माणसांनाही पुरळ उठू शकतो.
२) डेमोडेक्स किडा : पिल्लांत डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात. सुरुवातीला खाज कमी असते.
३) पिसवा : कमरेवर व शेपटीच्या मुळाशी केस जातात, काळे कण दिसतात.
४) गजकर्ण : गोल चट्टे. माणसालाही लागते.
५) पोषणाची कमतरता : दोन्ही बाजूंना सारखेच निस्तेज, विरळ केस, कोंडा, खपल्या. खाज कमी, वजन घटलेले.

एकाच कुत्र्यात दोन कारणे एकत्र असणे नेहमीचे आहे. पशुवैद्यक कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यावरून किडे असल्यास बहुधा कळून येते. तसेच काही कुत्र्यांना एखाद्या प्रथिनाची अॅलर्जी असते. अशा वेळी त्याने पूर्वी न खाल्लेला एकच प्रथिन पदार्थ व एकच धान्य सुमारे आठ आठवडे देऊन डॉक्टर निदान करतात. त्या काळात घरातील कोणीही वरून बिस्किटाचा तुकडासुद्धा टाकू नये.

जळके ऑइल, रॉकेल, फिनेल आणि पिकावरील कीटकनाशके कुत्र्याच्या अंगाला लावू नयेत. कुत्रा अंग चाटतो व विष पोटात जाते, शिवाय ते कातडीतूनही शोषले जाते. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंदाजाने टोचू नये. जादा मात्रेने पिल्ले आणि काही जातींची कुत्री झटके येऊन मरतात. गोचीड व पिसवांसाठी कुत्र्याकरिताच तयार केलेले औषध वजनानुसार वापरावे. कुत्र्यावरील गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते. म्हणून बसण्याची जागा झाडावी, फटी बुजवाव्यात व पावसात कोरडी, उंच जागा द्यावी.

फरक दिसायला लागणारा काळ

पेरल्यावर दुसऱ्या दिवशी लोंबी येत नाही, तसेच त्वचेचे आहे. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर नव्याने तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. पचन आठवडाभरात सुधारलेले दिसते, कोंडा कमी होऊन चमक येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, तर झडलेले केस पूर्ण येण्यास काही महिने जातात. दर पंधरा दिवसांनी वजन, विष्ठा आणि खपल्यांची जागा यांची नोंद वहीत ठेवावी. आठ आठवड्यांत काहीच फरक न पडल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

निदान, लसीकरण व औषधांच्या मात्रेसाठी जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. त्वचेच्या चिवट आजारासाठी परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा सल्ला घेता येईल. हे महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे. तेथे जाताना कुत्रा रोज काय व किती खातो हे लिहून न्यावे, निदानाला मोठी मदत होते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी टोचून घ्यावीच.

थोडक्यात, कुत्र्याच्या भातात रोज एखादे अंडे किंवा मूठभर मासळी, डाळ व चमचाभर चांगले तेल घालावे, वेळेवर जंतनाशक द्यावे आणि बुरशीचे धान्य टाळावे. एवढे केल्यास त्याचे पचन सुधारते व कातडी धडधाकट राहते. खाजेने हैराण झालेला कुत्रा रात्रभर अंग खाजवत बसतो. निरोगी कुत्रा तुमचे शेत, गोठा व घर राखतो आणि मुलांना जंतांचा व खरजेचा उपद्रवही होऊ देत नाही.